मागच्या इमर्जन्सी दाराला साखळी लावलीय, कुणाला आणि कसं सांगू?

दुसरा_मजला:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एका चार मजली डिपार्टमेंट स्टोअरमध्ये दहा महिन्यांपासून कामाला आहे. सेक्शन होमवेअर, म्हणजे बरण्या, पडदे, दिवे असलं सगळं. अर्धा दिवस फ्लोअरवर, अर्धा मागच्या स्टॉकरूममध्ये. परमनंट नाही, कॉन्ट्रॅक्टवर आहे, हे आधीच सांगते कारण प्रश्नाचा अर्धा भाग तोच आहे.

तर मंगळवारी रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवरून काचेच्या बरण्यांचा कार्टन खाली आला. मी वाकून खालच्या फळीवरचे बारकोड स्कॅन करत होते, माझ्यापासून हातभर अंतरावर पडला. आवाज असा झाला की फ्लोअरवरचे दोघं आत धावत आले. मला तसं काही लागलं नाही, एक काच बुटात घुसली होती ती घरी गेल्यावर मोजे काढताना दिसली. सुपरवायझरने झाडून घेतलं आणि ब्रेकेजच्या रजिस्टरला बारा बरण्या लिहिल्या. बरण्यांची एंट्री झाली, माझी कुठेच नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तो आवाज झाल्यावर मी दचकून पळाले ती मागच्या दाराकडे, कारण मला तेच जवळ होतं. त्याच्यावर तो हिरवा बोर्ड आहे ना, पळणाऱ्या माणसाचं चित्र असलेला, तो. दारासमोर छातीएवढे कार्टन रचलेले. त्यातून अंग चोरून दारापर्यंत गेले तर कडीला सायकलला लावतात तसली साखळी आणि वर कुलूप. दहा महिने दिवसातून वीस वेळा तिथून जातेय आणि मला ते कधी दिसलंच नव्हतं, याचंच जास्त वाईट वाटलं.

विचारलं तर म्हणे मागे कुणीतरी त्या दारातून बुटांचे बॉक्स बाहेर काढले होते, तेव्हापासून साखळी आहे. "चावी माझ्याकडे असते, मी असतोच ना" इति मॅनेजर. मॅनेजर गुरुवारी सुट्टीवर असतात. गुरुवारी चावी त्यांच्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरला कुलूप. कार्टनचं म्हणाले सेल संपू दे, मग बघू.

आता मी उगाच जास्त विचार करतेय का? आणि नसेन करत तर कुणाला सांगू, कसं सांगू की माझं कॉन्ट्रॅक्ट पण राहील आणि दार पण उघडेल?

जुना_फ्लोअरवाला:

ताई, जास्त विचार अजिबात करत नाही आहात. बरण्यांचं घटकाभर बाजूला ठेवा, ते पण गंभीर आहे पण ते नीट करायला आठवडा लागला तरी चालेल. साखळीला एक दिवसही देऊ नका.

मी सतरा वर्षं याच लाइनमध्ये काढलीत, कपडे, मग फर्निचर, मग पूर्ण मजला. आमच्याकडे एकदा ट्रायल रूमच्या मागे वायर जळली होती. आग म्हणावी एवढी पण नव्हती, पण शेजारी थर्माकोलचं पॅकिंग ठेवलेलं, त्याने पेट घेतला, आणि तो जो काळा धूर सुटला तो मी आयुष्यात विसरणार नाही. आधी छताला चिकटून पसरतो, आपल्याला वाटतं वरच आहे, मग पडदा सोडल्यासारखा खाली यायला लागतो. तोंडाच्या उंचीला आला की एक श्वास, खोकला, आणि डाव्या हाताला काय होतं उजव्या हाताला काय होतं काहीही आठवत नाही, आणि हे मी रोज फिरतो त्या मजल्यावरचं सांगतोय हं.

गिऱ्हाईक अशा वेळी ज्या दाराने आत आलं त्याच दाराकडे पळतं. मधे दोन एक्झिट लागले तरी बघत नाही. म्हणजे सगळी गर्दी पुढच्या जिन्यावर. स्टॉकरूममधल्या माणसाला त्या गर्दीपर्यंत पोचायचं तरी धुरातून यावं लागतं, म्हणजे तुमच्यासाठी ते मागचं दार हाच एक रस्ता आहे. आता "मी असतोच ना" म्हणणारे साहेब त्या वेळी कुठे असतील? पुढे, लोकांना बाहेर काढत, आणि त्यांनी तिथेच असायला हवं. मग चावी घेऊन मागे येणार कोण?

आणि चोरी होते म्हणून दार बंद ही काही नवी अक्कल नाही. १९११ साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली तेव्हा एका जिन्याचं दार कुलूप लावून बंद होतं, कामगार बायका सुटताना एकाच दाराने बाहेर पडाव्यात आणि त्यांच्या पर्स तपासता याव्यात म्हणून. १४६ जीव गेले, त्यात बऱ्याचशा विशीच्या आसपासच्या पोरी. शंभर वर्षांपूर्वीचं सोडा म्हणत असाल तर १ ऑगस्ट २००४, पॅराग्वेची राजधानी असुन्सिओन, इकुआ बोलान्योस नावाचं सुपरमार्केट, रविवार, आत कुटुंबच्या कुटुंबं. आग लागली तर लोक पैसे न देता माल घेऊन जातील म्हणून दारं बंद केली असं वाचलेल्या लोकांनी सांगितलं. तीनशेच्या वर माणसं मेली. मालकालाही शिक्षा झाली आणि गार्डलाही, हे मॅनेजर साहेबांना सांगायला हरकत नाही.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. दाराला आडवा पॅनिक बार बसतो, आतून ढकलला की दार उघडतं, चावी लागत नाही, आणि उघडलं रे उघडलं की सायरन बोंबलतो. बाहेरून हँडलच नसतं. चोर पळाला तरी सगळ्या मजल्याला कळतं. अजून एक प्रकार येतो, बार दाबल्यावर आधी सायरन आणि साधारण १५ सेकंदांनी दार सुटतं, पण फायर अलार्म वाजला असेल किंवा लाइट गेली असेल तर लगेच सुटतं. बूट पण वाचतात, माणसं पण वाचतात.

कार्टन_खाली_करा:

मॅनेजर असतोच ना म्हणे. आमचा पण असायचा. आग लागली तेव्हा मीटिंगला होता.

शटर_अर्धं:

मी स्वतः स्टोअर मॅनेजर आहे, शिव्या खाणार हे माहीत असून लिहितोय.

आमची बाजू अशी की महिन्याच्या शेवटी कुणी विचारत नाही किती लोक सुखरूप घरी गेले, विचारतात श्रिंकेज किती. श्रिंकेज म्हणजे सिस्टिममध्ये माल आहे आणि रॅकवर नाही, त्यातला फरक. तो आकडा वाढला की पहिली मान माझी. त्यात सेलचा माल तीन दिवस आधी येऊन पडतो, स्टॉकरूम तेवढीच, मग जिथे मोकळी जमीन दिसेल तिथे उतरवतात, आणि इमर्जन्सी दारासमोरची जागा कायम मोकळीच असते. ती मोकळी ठेवलेली असते हे ट्रक खाली करणाऱ्या पोराला कुणी सांगितलेलंच नसतं.

एवढं सगळं बोलून सांगतो की साखळीचं समर्थन मी पण करणार नाही. मी लावली होती एकदा, दीडेक वर्ष. मग फायर ड्रिलला आमच्या सिक्युरिटीवाल्याने स्टॉपवॉच लावलं. मी केबिनमधून चावी घेऊन दारापर्यंत पोचलो, जुडग्यात वीस-बावीस चाव्या, त्यातल्या पाच सारख्याच दिसणाऱ्या, कार्टन सरकवले, तिसरी चावी लागली. दोन मिनिटं चाळीस सेकंद. आणि हे दिवे चालू असताना, धूर नसताना, मागे कुणी ढकलत नसताना. त्या पोराने ते घड्याळ माझ्यासमोर धरलं, बोलला काहीच नाही. संध्याकाळी साखळी काढली.

तर कसं सांगायचं ते मॅनेजरच्या खुर्चीत बसून सांगतो. एकटीने तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलेलं पाच मिनिटांत हवेत जातं. चार ओळींचा मेल करा. पहिल्या ओळीत कार्टन पडला ती तारीख आणि वेळ. दुसऱ्या ओळीत दार, साखळी, फोटो. तिसऱ्या ओळीत सरळ प्रश्न, "गुरुवारी आपण सुट्टीवर असताना चावी कुणाकडे असेल?" चौथ्या ओळीत पॅनिक बारचं सुचवा. आरोप नको, विशेषणं नकोत, "निष्काळजी" वगैरे शब्द तर अजिबात नकोत. त्या तिसऱ्या ओळीला लेखी उत्तर देणं कुठल्याही मॅनेजरला जड जातं, कारण उत्तर दिलं तर जबाबदारी घेतली आणि नाही दिलं तर मेल तसाच पडून राहतो, आणि पुढेमागे काही झालं तर तोच मेल पहिला बाहेर येतो. हेड ऑफिसला लगेच सीसी करू नका, चार दिवस द्या, मग करा.

कंत्राटी_कामगार:

वरच्या साहेबांचं बरोबर असेल पण खुर्चीतून सगळं सोपं दिसतं. मी असाच मेल केला होता. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी ती दातेरी पट्टी असते ना, तिचे दोन दात तुटले होते, लहान मुलांच्या मऊ चपला अडकतात त्यात, म्हणून लिहिलं. जिना दुरुस्त झाला, आणि माझ्या शिफ्ट पुढच्या महिन्यात सहाच्या चार झाल्या. कारण काही नाही, "रोस्टर ॲडजस्टमेंट". सिद्ध काय करणार.

म्हणून ताई, एकट्याचं नाव नको. त्या दिवशी आवाज ऐकून जे दोघं आत आले त्यांना घ्या, तिघांच्या नावाने मेल जाऊ दे. आणि मेलच्या आधी शिफ्ट बदलताना जे हँडओव्हर रजिस्टर असतं त्यात रोज लिहायला लागा, "मागचं दार बंद, साखळी आहे, समोर माल आहे". रोज. ते तक्रार दिसत नाही, काम दिसतं. पुढच्या शिफ्टवाला खाली सही करतो, म्हणजे साक्षीदार आपोआप तयार होतो. मला हे नंतर सुचलं.

बाय द वे, सरकत्या जिन्याच्या वर आणि खाली लाल स्टॉप बटण असतं ते किती स्टाफला माहीत आहे? मी विचारून बघितलं होतं, आठपैकी तिघांना.

रॅक_नंबर_सात:

दार झालं, आता बरण्यांबद्दल कुणीतरी बोला की. मी वेअरहाउसमध्ये रॅकिंग बघते, दुकानातल्या स्टॉकरूमपेक्षा आमच्याकडे उंची चौपट असते पण चुका अगदी त्याच.

काच वरच्या फळीवर ठेवलीच कुणी? जड आणि फुटणारं खाली, हलकं वर, एवढा एकच नियम पाळला तरी अर्धं काम होतं. रोज हात लागणारा माल गुडघा ते खांदा या पट्ट्यात, म्हणजे वाकायला नको आणि डोक्यावर हात न्यायला नको. वरच्या फळीवर उशा ठेवा, पडद्यांचे गठ्ठे ठेवा, पडले तर पडले. पण होतं काय की माल येतो तेव्हा खालच्या फळ्या भरलेल्या असतात, मग जो शेवटी आला तो वर जातो, मग ती उशी असो नाहीतर बरणी.

दुसरं, पुठ्ठ्याचा कार्टन ही वजन पेलायची वस्तू नाही, त्याची ताकद सगळी उभ्या कडांमध्ये असते. विटांसारखे आडवेतिडवे रचले की एकाची कड दुसऱ्याच्या पोटावर येते आणि पोट खचतं. आणि दमट हवेत किंवा एसीचं पाणी टपकून कार्टन ओला झाला तर त्याचा भरवसा संपलाच. तुमच्या केसमध्ये खालचा कार्टन एका बाजूने दबलेला होता का, हे कुणी बघितलं का? मला वाटतं तिथेच सापडेल. आणि रॅकचे पाय जमिनीला बोल्टने बांधलेत का तेही बघा, बऱ्याच ठिकाणी नुसते उभे असतात.

उचलायचं म्हणाल तर अमेरिकेतल्या निऑश संस्थेचं १९९१ चं एक सूत्र आहे, त्यात सगळी परिस्थिती एकदम आदर्श असेल, म्हणजे सामान अंगाजवळ, कमरेच्या उंचीला, वळायचं नाही, धरायला चांगली पकड, कधीतरीच उचलायचं, तर वरची मर्यादा २३ किलो धरलीय. यातलं एकेक बिघडलं की आकडा खाली येतो. आता शिडीवर उभं राहून हात लांब करून अर्धं वळून काढायचं म्हटल्यावर काय उरतं बघा. तरी आमच्याकडे पोरं पंचवीस किलोचा कार्टन खांद्यावर घेऊन शिडी उतरतात आणि वर हसतात. शिडीवर तीन टेकू कायम पाहिजेत, दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय. ज्याचे दोन्ही हात कार्टनला आहेत त्याच्याकडे टेकू दोनच उरले. म्हणून वरून काढताना एक जण वर, एक जण खाली, हातात देणं, दुसरा रस्ता नाही. आणि घडीच्या शिडीची सगळ्यात वरची पायरी ही पायरी नसते, तिच्यावर लिहिलेलं पण असतं उभं राहू नका, कुणी वाचत नाही कारण ते लिहिलेलं पायाखाली असतं.

अवांतर: कपड्यांच्या सेक्शनमध्ये सगळ्यात जास्त लोक कशावरून घसरतात माहितीये? पाण्यावरून नाही. शर्टावरून काढलेली पातळ प्लास्टिकची पिशवी. गुळगुळीत फरशीवर ती पिशवी म्हणजे बर्फच. पाणी चकाकतं तरी, पिशवी दिसतच नाही. एका ओळीत सहा जण पॅकिंग सोडत बसलेत आणि कचऱ्याची ट्रॉली शेवटच्या टोकाला, मग पिशव्या जमिनीवरच. ट्रॉली मधे आणून ठेवा, बस.

आकडेमोड्या:

या निमित्ताने सांगतो, हाइनरिक नावाच्या माणसाने १९३१ साली त्रिकोण मांडला होता, एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ आणि ३०० असे की ज्यात कुणाला काहीच लागत नाही. धागाकर्तीचा कार्टन त्या तीनशेमधला. म्हणजे शास्त्रानेच सांगितलंय की

रॅक_नंबर_सात:

शास्त्राने नाही, एका इन्शुरन्स कंपनीत काम करणाऱ्या माणसाने सांगितलंय. त्या आकड्यांवर नंतर भरपूर टीका झालीय, सगळ्या कामांना एकच प्रमाण कसं लागू होईल? बोट कापणं कमी केलं म्हणून आगीत मरणं कमी होत नाही, दोन्हीची कारणंच वेगळी. छोट्या घटना लिहून ठेवाव्यात हे मान्य, शंभर टक्के, पण २९ आणि ३०० मोजत बसू नका.

आकडेमोड्या:

बरं. निदान वाक्य तरी पूर्ण करू द्यायचं होतं, फोनवरून अर्धंच पोस्ट झालं.

दुसरा_मजला:

बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे मनापासून आभार. खालचा कार्टन खरंच एका बाजूने बसलेला होता, वर एसीचा पाइप आहे, थेंब थेंब पडतं तिथे. आज हात लावून बघितलं, पुठ्ठा मऊ झालाय, बोट आत जातं.

अजून एक विचारायचं होतं. वरच्या फळीचे कार्टन जवळजवळ छताला टेकलेत. तिथे छताला एक लहानसं नळाच्या तोटीसारखं आहे, मधे लाल रंगाची काचेची छोटी नळी, आगीचं पाणी येतं ते तेच ना? एकाने त्याला हँगर अडकवलाय, त्यावर ॲप्रन वाळत घालतात. मला भीती वाटते की चुकून फुटलं तर सगळीकडचं पाणी सुटेल आणि माझ्या सेक्शनचा माल भिजेल.

जुना_फ्लोअरवाला:

ॲप्रन आधी काढा!! हे वाचून मी खुर्चीतून उठलो.

हो, तो स्प्रिंकलर. त्या काचेच्या नळीत द्रव असतो आणि एक हवेचा बुडबुडा. गरम झाला की द्रव फुगतो, नळी फुटते, तिने अडवून धरलेलं झाकण सुटतं आणि पाणी येतं. लाल म्हणजे ६८ अंश सेल्सिअसला फुटणारी. पिवळी ७९, हिरवी ९३, रंगावरून कळतं. सिनेमात दाखवतात तसं एक फुटलं की सगळ्या मजल्यावर पाऊस, असं नसतं, साध्या सिस्टिममध्ये ज्याला उष्णता लागली तेवढंच सुटतं. पण हँगरच्या झटक्याने नळी तुटली तर आग नसताना पाणी येणार हे मात्र खरं, आणि ते पाणी पाइपमध्ये वर्षानुवर्षं साचलेलं, काळं, वास मारणारं असतं. तुमच्या मॅनेजरला दाराचं पटत नसेल तर हे पटेल बघा, इथे माल भिजतो.

आणि कार्टनच्या वरच्या कडेपासून त्या तोटीपर्यंत निदान ४५ सेंटीमीटर मोकळे पाहिजेत. पाणी छत्रीसारखं पसरतं, मधे कार्टन आला तर छत्री उघडणारच नाही, एकाच कार्टनवर धार पडेल आणि आग शेजारच्या ओळीत मजेत जळत राहील. भिंतीवर त्या उंचीला लाल टेपची एक रेघ मारून घ्या, रेघेच्या वर काही ठेवायचं नाही. सांगून कुणी ऐकत नाही, रेघ दिसली की ऐकतात, का ते मला आजतागायत कळलेलं नाही.

बिलिंग_काउंटर:

तुम्ही सगळे आग आणि रॅकवर, आम्ही काउंटरवाले दिवसभर उभे असतो ते कुणाच्या खिजगणतीत नाही. आठ तास कडक फरशीवर, टाचा संध्याकाळी दगडासारख्या होतात, पोटऱ्यांवर निळ्या शिरा दिसायला लागल्या. जाड रबरी मॅट मागितली तर म्हणे बरी नाही दिसत. स्टूल मागितलं तर गिऱ्हाइकाला आळशी वाटेल.

आणि चोर पकडायला धावणारे हीरो. आमच्यातला एक परफ्यूमची बाटली घेऊन पळणाऱ्याच्या मागे धावला, दारात झटापट, याचं मनगट मोडलं. बाटली फुटलीच शिवाय. तेव्हापासून आमच्याकडे नियम झालाय, बघा, लक्षात ठेवा, सिक्युरिटीला सांगा, मागे धावू नका. मनगट मोडायच्या आधी व्हायला हवा होता नियम.

शटर_अर्धं:

काउंटरवाल्यांचं बरोबर आहे. मॅट मी घातली आमच्याकडे, काउंटरच्या आतल्या बाजूला असते, गिऱ्हाइकाला दिसत पण नाही, ती "बरी दिसत नाही" कुणाला हे मलाही समजलेलं नाही.

सेलचा विषय निघालाच आहे तर एक राहिलं, दार उघडायची वेळ. शटर वर जातं तेव्हा समोर स्टाफला उभं करू नका. २००८ साली न्यूयॉर्कजवळ एका मोठ्या स्टोअरमध्ये सेलच्या पहाटे दोन हजारच्या आसपास लोक बाहेर जमले होते, दार मोडून आत घुसले आणि दाराशी उभा केलेला टेंपररी कामगार पायाखाली सापडून मेला. त्यानंतर तिथल्या ओशा या सरकारी खात्याने गर्दीसाठी सूचना काढल्या, रांगेचे कठडे दारापासून लांब सुरू करा आणि वळवत न्या, थोडे थोडे लोक आत सोडा, आत किती माणसं मावतात ते आधी ठरवा. मी माझं शटर आता अर्धंच उघडतो आणि कडेला उभा राहतो, आयडी त्यावरूनच आहे.

कार्टन_खाली_करा:

मला वाटलं आयडी अर्ध्या दिवसाच्या सुट्टीवरून आहे.

चौथा_मजला_रिकामा:

मी बिल्डिंगवाला माणूस आहे, दुकानातलं कळत नाही, पण धोका दिसत असून "आजचा धंदा होऊ दे" हे वाक्य आलं की मला सेऊलचं साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर आठवतं. २९ जून १९९५. सकाळपासून पाचव्या मजल्याच्या स्लॅबला मोठाल्या भेगा दिसत होत्या, वरचे एसी बंद केले, तो मजला रिकामा केला, पण खालचे मजले चालूच ठेवले, गर्दीचा दिवस म्हणून. संध्याकाळी सहाच्या थोडं आधी अख्खी विंग खाली आली, ५०२ माणसं गेली. खांब डिझाइनपेक्षा बारीक केलेले, आणि गच्चीवरची एसीची अवजड युनिट काही वर्षांपूर्वी क्रेनने न उचलता तशीच ओढत सरकवलेली. भेग तर सगळ्यांनीच बघितली होती.

ताईंच्या इथे जो एसीचा पाइप गळतोय त्याचं पाणी स्लॅबमध्ये मुरतंय का तेवढं कुणाला तरी बघायला सांगा, बाकी मी गप्प बसतो.

दुसरा_मजला:

अपडेट देते, नऊ दिवस झाले.

तिघांच्या नावाने मेल केला, चार ओळींचा. त्याआधी तीन दिवस हँडओव्हरला लिहीत होतो, दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टच्या मुलीने माझ्या ओळीखाली स्वतःच लिहिलं "अजूनही तसंच". मेलला पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मॅनेजरनी बोलावलं, मला वाटलं गेलं कॉन्ट्रॅक्ट. ते मेल उघडून बसलेले, गुरुवारच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे कुणी सुचवलं?" मी म्हटलं मलाच सुचलं. (सॉरी शटर_अर्धं.) शनिवारी साखळी निघाली. पॅनिक बार मागवलाय म्हणे, तोपर्यंत आतून नुसती सरकती कडी आणि दार उघडलं की बीप करणारा सेन्सर. ॲप्रन निघाला, लाल टेप लागला. बरण्या खालच्या फळीवर. एसीचा पाइप मात्र गळतोय तसाच, खाली बादली ठेवलीय. शिफ्ट अजून तरी तेवढ्याच आहेत, पुढच्या महिन्याचं रोस्टर लागलं की कळेल.

आणि काल संध्याकाळी ते दार पहिल्यांदा उघडून बघितलं. वीतभर उघडलं आणि अडलं. बाहेर कुणीतरी दाराला अगदी लागून मोटरसायकल लावलीय. कुणाची आहे ते गार्ड शोधतोय.

जुना_फ्लोअरवाला:

बाहेर पण पिवळे पट्टे मारून घ्या. आत सगळे मारतात, बाहेर कुणी मारत नाही. दाराच्या पूर्ण रुंदीएवढे आणि दार जेवढं बाहेर येतं त्याच्यापुढे अजून दोन माणसं उभी राहतील एवढे. आणि दार पूर्ण उघडून रोज शटर वर करायच्या आधी एकदा बाहेर जाऊन या, तुम्ही स्वतः.

दुसरा_मजला:

उद्या पहिली शिफ्ट माझीच आहे, बघते.